दहाव्या वर्षाची गुणवत्ता यादी

लहान मुलांची बुद्धी जाहीर स्पर्धेत जोखण्याची रीत जगातील बहुतेक साक्षर समाजांत आढळते. मात्र एखादा समाज त्या मुलांकडून नेमके काय करवून घेतो आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या हाती काय ठेवतो, यावर त्या स्पर्धेच्या ताणाचे स्वरूप ठरते. अमेरिकेत या रीतीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे ‘स्पेलिंग बी’, म्हणजेच शब्दाचा उच्चार ऐकून त्याची अक्षरे प्रेक्षकांसमोर क्रमाने तोंडी सांगण्याची स्पर्धा. महाराष्ट्रात, विशेषतः हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावांत, जवळपास त्याच वयाची मुले राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आणि जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा यांच्या तयारीला जुंपलेली असतात. पहिल्या ठिकाणी बव्हंशी प्रतिष्ठा पणाला लागते, तर दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष सात वर्षांचे शिक्षण. हा फरक ध्यानात न घेता ‘मुलांवर दडपण आणू नका’ असा सरसकट सल्ला देणे सोपे असले, तरी ज्या घरासाठी तो दिला जातो, त्या घराला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

स्पेलिंग हा स्पर्धेचा विषय होऊ शकतो, याचे मूळ इंग्रजीच्या घडणीत आहे. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, जर्मन अशा अनेक भाषांतून शब्द घेताना इंग्रजीने त्यांचे मूळचे लेखन पुष्कळदा तसेच ठेवले आणि उच्चार मात्र बदलत गेले. त्यामुळे कानाने ऐकलेला शब्द कागदावर कसा उतरेल याची खात्री त्या भाषेत जन्मलेल्यांनाही नसते. नोआ वेब्स्टर यांनी १७८३ मध्ये प्रसिद्ध केलेले स्पेलिंगचे पाठ्यपुस्तक अमेरिकेच्या गावोगावच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि त्याच्याच आधारे शाळाशाळांतून तोंडी चढाओढी रंगू लागल्या. त्यांना राष्ट्रीय रूप आले ते १९२५ मध्ये, जेव्हा नऊ वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन प्रत्येकी एक स्पर्धक वॉशिंग्टनला पाठवला आणि केंटकी राज्यातील फ्रँक न्यूहाउसर या अकरा वर्षांच्या मुलाने ‘ग्लॅडिओलस’ या फुलझाडाच्या नावाचे अचूक स्पेलिंग सांगून पहिले विजेतेपद मिळवले. १९४१ पासून स्क्रिप्स हा वृत्तपत्रसमूह ही स्पर्धा चालवतो. दुसऱ्या महायुद्धातील तीन वर्षे आणि २०२० हे कोरोनाचे वर्ष सोडले, तर ती अखंड चालू आहे. आठवीच्या पुढे गेलेल्या मुलाला तीत भाग घेता येत नाही आणि शब्द मेरियम-वेब्स्टरच्या बृहत्कोशातून, म्हणजे सुमारे पावणेपाच लाख नोंदींच्या ग्रंथातून, कोठूनही निघू शकतो.

एवढा कोश पाठ करणे कोणालाही शक्य नसल्यामुळे ही केवळ घोकंपट्टीची स्पर्धा आहे, हा बाहेरून होणारा समज अर्धवट ठरतो. स्पर्धकाला शब्दाचा अर्थ, व्याकरणातील जात, वाक्यातील उपयोग आणि मूळ भाषा विचारण्याची मुभा असते, आणि जाणत्या स्पर्धकाचे खरे काम तेथूनच सुरू होते. शब्दात ‘फ’ हा ध्वनी ऐकू आला आणि शब्द ग्रीक मुळाचा असल्याचे कळले, तर तेथे बहुधा पी आणि एच ही जोडी येणार. शब्द लॅटिन असेल, तर एफ. ‘क’ ऐकू आला आणि मूळ पुन्हा ग्रीक निघाले, तर सी आणि एच यांचा संभव वाढतो. फ्रेंच शब्दात शेवटची अक्षरे उच्चारात लोपलेली असू शकतात. जो शब्द पूर्वी कधी वाचलेलाच नाही, तो अशा खाणाखुणांवरून उभा करता येतो. २०१९ च्या अंतिम फेरीत एका विजेत्याने शेवटी ज्या शब्दाचे स्पेलिंग सांगितले, तो शब्द म्हणजे मराठवाड्यातील शाळांच्या कुंपणावरही फुलणाऱ्या बोगनवेलीचे इंग्रजी नाव होता. बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या आडनावावरून ते पडलेले असल्यामुळे त्यातील ए, आय आणि एन कोठून आले हे ज्याला ठाऊक असेल, त्याला ते सोपे आणि इतरांना ते जवळजवळ अशक्य.

या स्पर्धेत भारतीय वंशाच्या मुलांनी मिळवलेले स्थान सर्वश्रुत आहे. १९८५ मध्ये बालू नटराजन हे भारतीय वंशाचे पहिले विजेते ठरले, आणि २००८ ते २०१९ या काळात विजेत्यांमध्ये भारतीय वंशाचे मूल नाही असे एकही वर्ष गेले नाही. २०१९ मध्ये तर वीस फेऱ्यांनंतरही आठ मुले अजिंक्य राहिल्याने आयोजकांचे कठीण शब्दच संपले आणि आठही जणांना विजेते घोषित करावे लागले. त्यांत डॅलसचा सोहम सुखठणकर होता. २०२५ च्या अंतिम तिघांतही कदम आणि धारवणे ही मराठी वळणाची आडनावे दिसली. या यशाचे श्रेय कोणी ‘भारतीय बुद्धी’ला दिले, तर ते भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आणि पुढे कुशल कामगारांसाठीच्या परवान्यांनी जो वर्ग भारतातून तेथे गेला, तो मुळातच परीक्षांच्या चाळणीतून वर आलेल्या अभियंत्यांचा, डॉक्टरांचा आणि संशोधकांचा होता, आणि ज्या शिडीने आपण चढलो तीच शिडी त्याने मुलांपुढे ठेवली. समाजशास्त्रज्ञ पवन धिंग्रा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे दाखवले आहे की, ज्या कुटुंबांकडे अमेरिकेतील जुन्या ओळखीपाळखी नाहीत आणि नामांकित महाविद्यालयांशी पिढीजात संबंधही नाहीत, ती कुटुंबे शाळेबाहेरच्या शैक्षणिक स्पर्धांकडे मुलांच्या भवितव्याचा विमा म्हणून पाहतात. १९८९ मध्ये रत्नम चित्तूरी यांनी स्थापन केलेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनने या ओढीला संघटित रूप दिले. तिच्या शाखा अमेरिकाभर भारतीय मुलांसाठी स्पेलिंग, गणित, भूगोल यांच्या स्पर्धा घेतात आणि उभा राहणारा निधी भारतातील गरीब, हुशार विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरतात.

ताणाची गोष्ट येथे स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे. २००४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत कोलोरॅडोच्या अक्षय बुद्दिगा या तेरा वर्षांच्या स्पर्धकाला ‘अलोपेकॉइड’, म्हणजे कोल्ह्यासारखा, हा शब्द मिळाला. तो विचार करत असतानाच भोवळ येऊन मंचावर कोसळला, काही क्षणांत उठून उभा राहिला आणि कोणाचीही मदत न घेता त्याने ते स्पेलिंग अचूक सांगितले. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि ते चित्रण आजतागायत कौतुकाने पाहिले जाते. त्या कौतुकात मुलाच्या जिद्दीला दाद आहे हे खरे. पण भोवळ आलेल्या मुलाला पाणी देऊन बसवण्याऐवजी त्याचे उत्तर ऐकण्यास उत्सुक असलेल्या सभागृहाबद्दलही ते बरेच सांगून जाते. त्या मुलाचा थोरला भाऊ दोनच वर्षांपूर्वी याच मंचावर विजेता ठरला होता, आणि अक्षय स्वतः त्या वर्षी उपविजेता झाला.

स्पर्धेच्या तयारीचे स्वरूप मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले असून, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. राष्ट्रीय फेरीत पोहोचलेली मुले तीन प्रकारे तयारी करत : आवडीचे अवांतर वाचन, दुसऱ्याकडून प्रश्न विचारून घेणे, आणि एकट्याने शब्दांचा अभ्यास करणे. यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा यशाशी सर्वांत जवळचा संबंध आढळला. पण तोच प्रकार मुलांना सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी आनंदाचा वाटत होता. जिंकण्यासाठी जे करावे लागते ते करताना मजा येत नाही, हे मुले स्वतःच सांगत होती. या तयारीभोवती बाजारही उभा राहिला. माजी स्पर्धकांनी तयार केलेले शब्दसंग्रह आणि खासगी मार्गदर्शन पैसे मोजून मिळू लागले, आणि २०१८ पासून काही काळ तर प्रादेशिक फेरी न जिंकलेल्या मुलांनाही मोठे शुल्क भरून राष्ट्रीय फेरीत प्रवेश मिळण्याची सोय आयोजकांनीच केली. त्या पहिल्याच वर्षीचा विजेता या वाटेने आलेला होता. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. या स्पर्धेत चूक झाली की घंटा वाजते आणि योग्य स्पेलिंग तेथल्या तेथे सांगितले जाते, त्यामुळे आपण कोणत्या अक्षरावर चुकलो हे मुलाला त्याच क्षणी समजते. बाद झालेल्या मुलांना आईवडिलांजवळ बसून सावरता यावे, म्हणून मंचाच्या मागे खाऊ ठेवलेली निवांत खोली असे. हरणारी मुले जिंकणाऱ्यांच्या शेकडो पटींनी अधिक असतात, हे आयोजकांनी निदान गृहीत तरी धरलेले होते.

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे परभणी–हिंगोली मार्गावरचे बाजारपेठेचे गाव असून, सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांवर परिसराचे अर्थकारण चालते. येथील मुलाच्या आयुष्यात इंग्रजी स्पेलिंगला स्थान मिळाले ते २००० मध्ये, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात राज्यभर पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर. आणि आज ते स्पेलिंग त्याच्यापुढे स्पर्धेच्या रूपात येते ते प्रामुख्याने शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेतून. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेली ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. तिच्यात प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात : पहिलीत प्रथम भाषा आणि गणित, दुसरीत इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येते, आणि त्यातच प्रश्न वाचून, चार पर्याय तपासून, उत्तरपत्रिकेवरील योग्य वर्तुळ पेनाने पूर्ण रंगवायचे असते. एक ओळ चुकून खाली सरकली की पुढची सगळी उत्तरे चुकीच्या क्रमांकासमोर जातात. म्हणून वर्तुळे रंगवण्याचा सराव हा जादा तासांचा एक वेगळा भागच होऊन बसला आहे. मुलाला काय येते यापेक्षा ते किती झटपट आणि किती नीटनेटके नोंदवता येते, याला त्यात आपोआप महत्त्व येते.

नवोदयची गोष्ट निराळी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी शाळांची ही योजना आकाराला आली. देशातील पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची. आज देशभरात अशी साडेसहाशेच्या आसपास विद्यालये असून, हिंगोली जिल्ह्याचे विद्यालय वसमत येथे आहे, म्हणजे जवळा बाजारच्या शेजारच्याच तालुक्यात. सहावीच्या वर्गात ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांना मिळतात. निवड झाली की बारावीपर्यंतचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांची सोय होते. नववीपासून काही गटांतील पालकांकडून अल्पसा विकासनिधी घेतला जातो, मात्र मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे त्यातून मुक्त असतात. ज्या घरात कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नावर सगळा मेळ बसवायचा असतो, त्या घराच्या दृष्टीने ‘पोरगं नवोदयला लागलं’ या वाक्याचा अर्थ सात वर्षांचा खर्च आणि काळजी एकाच वेळी मिटली, असा होतो. या परीक्षेला मूल आयुष्यात एकदाच बसू शकते. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यांपैकी निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे आणि उरलेले गणित व भाषा यांत समान वाटलेले. पाच तालुक्यांच्या जिल्ह्याला ८० जागा हे प्रमाणच असे आहे की, मुले कितीही हुशार आणि पालक कितीही समंजस असले, तरी बहुसंख्य परीक्षार्थींना नकार मिळणार हे फॉर्म भरतानाच ठरलेले असते.

म्हणून जवळा बाजारमधील पालकाला डॅलसमधील पालकाच्या पंक्तीला बसवून दोघांनाही ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणणे अन्यायाचे आहे. स्पेलिंगच्या स्पर्धेत हरलेल्या मुलाची शाळा तीच राहते, घर तेच राहते आणि महाविद्यालयाची वाटही बव्हंशी तीच राहते. नवोदयची यादी मात्र एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना दोन वेगळ्या रस्त्यांना लावते. निवड झालेल्यांपैकी काहींना तर नववीत स्थलांतर योजनेनुसार हिंदीभाषक राज्यातील विद्यालयात एक वर्ष शिकण्याची संधीही मिळते. जागा दुर्मीळ असते आणि तिचे मोल खरे असते, तेव्हा तिच्यासाठीचा ताणही खरा असतो, आणि तो पालकांच्या समुपदेशनाने नाहीसा होत नाही. कमी करता येण्याजोगा भाग आहे तो त्या खऱ्या ताणावर मोठ्या माणसांनी आपापल्या हिशेबाने चढवलेला.

तो हिशेब शिष्यवृत्ती परीक्षेत सर्वांत स्पष्ट दिसतो. शिष्यवृत्तीची रक्कम अनेक वर्षे इतकी किरकोळ होती की केवळ पैशासाठी कोणी ही परीक्षा दिली असेल असे वाटत नाही. २०२३ मध्ये ती वाढवून पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकांना वर्षाला ५,००० आणि आठवीच्या शिष्यवृत्तीधारकांना ७,५०० रुपये करण्यात आली. परीक्षेचे वजन रकमेत नव्हतेच, ते निकालाच्या आकड्यात होते. शाळेचे किती विद्यार्थी ‘शिष्यवृत्तीधारक’ झाले, जिल्हा गुणवत्ता यादीत किती आले, यावरून गावात शाळेची पत ठरते, शिक्षकाचे नाव होते, आणि इंग्रजी माध्यमाकडे ओढल्या जाणाऱ्या पालकांना जिल्हा परिषदेच्या शाळेत थांबवण्याचे एक साधन मुख्याध्यापकाच्या हाती येते. हे शेवटचे कारण हलके लेखण्यासारखे नाही. पटसंख्या घसरली की शिक्षकाचे पद जाते, अशा परिस्थितीत दहा वर्षांच्या मुलाचे गुण हे शाळेच्या अस्तित्वाचे समर्थन होऊन बसतात. फक्त ते समर्थन त्या मुलाने करायचे असते, आणि ते त्याला कोणी विचारून घेतलेले नसते.

इयत्तांच्या फेरबदलाचा इतिहास याच दृष्टीने वाचता येतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली, आणि तिच्याशी जुळवून घेण्यासाठी चौथी व सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला नेण्यात आली. ग्रामीण भागातील असंख्य जिल्हा परिषद शाळा मात्र चौथीपर्यंतच आहेत. त्यांच्यासाठी परीक्षा अचानक दुसऱ्याच्या अंगणात गेली, जादा तास घेणाऱ्या शिक्षकांचे त्यातील स्वारस्य कमी झाले आणि परीक्षार्थींची संख्याही घटत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. त्यामागील युक्तिवाद शाळांचा सहभाग वाढवण्याचा आहे आणि तो चुकीचा नाही. पण त्यामुळे आता नवव्या-दहाव्या वर्षी शिष्यवृत्ती, पुढच्याच वर्षी नवोदय, सातवीत पुन्हा शिष्यवृत्ती आणि आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे साडेतीन लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये देणारी केंद्राची योजना, अशी परीक्षांची रांग एकाच मुलापुढे उभी राहते. नवोदयची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते आणि शिष्यवृत्तीची परीक्षा अलीकडे साधारण फेब्रुवारीत होत आली आहे. हिंगोली जिल्ह्यात याच काळात कापसाची वेचणी संपत आलेली असते, तूर काढायची असते आणि हळद काढणीला येते. घरातली सगळी मोठी माणसे शेतात गुंतलेली असल्यामुळे मुलाचा अभ्यास घेण्याचे काम साहजिकच क्लासवर सोपवले जाते.

क्लास, म्हणजे नवोदय आणि शिष्यवृत्तीची तयारी करून घेणारी खासगी शिकवणी, मराठवाड्यातील तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत रुळलेली आहे, आणि काही ठिकाणी ती निवासीही असते. तिच्या शिकवण्याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. ‘एका रांगेत एक मुलगा पुढून बारावा आणि मागून नववा आहे, तर रांगेत एकूण मुले किती?’ हा प्रश्न तेथे ‘बेरीज करा आणि एक वजा करा’ या सूत्राने सुटतो : बारा आणि नऊ एकवीस, वजा एक, वीस. तो एक का वजा करायचा, तर तो मुलगा दोन्ही बाजूंनी मोजताना दोनदा मोजला जातो, हे वर्गातल्या दहा मुलांना उभे केले तर पाच मिनिटांत कळते. पण शेकडो प्रकारांची सूत्रे पाठ करायची असताना पाच मिनिटे कोणाकडे नसतात. मग परीक्षेत ‘वीस मुलांच्या रांगेत एक जण पुढून पाचवा आणि दुसरा मागून सहावा आहे, तर त्या दोघांच्या मध्ये किती मुले?’ असे विचारले की सूत्र पाठ असलेले मूल दहा लिहून मोकळे होते. उत्तर नऊ आहे. शब्दाचे मूळ विचारून स्पेलिंग उभे करणारा स्पर्धक आणि हे मूल यांच्यात बुद्धीचे अंतर नाही. एकाला कारण शोधण्याची सवय लागली आणि दुसऱ्याला ती लागू दिली नाही, एवढाच भेद आहे.

या शिकवण्यांवर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रात प्रवेश देऊ नये आणि यशाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत. परंतु त्या सूचनांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, आणि त्यांतील व्याख्या पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांपुरती आहे. गावातल्या दोन खोल्यांत चाळीस मुलांना बसवणारा क्लास त्या व्याख्येत येतच नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलांच्या मानसिक छळास मनाई करते. पण सराव परीक्षेचे गुण भिंतीवर क्रमवारीने लावणे, मागे पडलेल्या मुलांना शेवटच्या रांगेत बसवणे किंवा यशस्वी मुलांच्याच छायाचित्रांचा फ्लेक्स चौकात झळकवणे याला छळ म्हणावे असे अजून कोणाला वाटत नाही. फ्लेक्सवर झळकलेल्या मुलाचाही त्यात फायदा नाही, कारण त्याच्या चेहऱ्याचा उपयोग पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी होत असतो.

परीक्षा संपल्यानंतरच्या काळाचा विचार तर अगदीच विरळा. नवोदयच्या निवड यादीत नाव नसलेल्या मुलाला फेरतपासणी मागता येत नाही आणि परीक्षा पुन्हा देता येत नाही. त्याच्या घरी फक्त ‘लागला नाही’ एवढेच कळते, आणि जून उजाडला की ते मूल गावातल्या शाळेत सहावीला बसते, जेथे त्याची दोन वर्षांची मेहनत कोणत्याच नोंदीत नसते. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र एक सोय आयती उपलब्ध आहे. परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर हरकती मागवते आणि मग अंतिम उत्तरसूची जाहीर करते. प्रश्नपत्रिकाही मुलाच्या हातात राहते. बहुतेक घरांत आणि क्लासांत या उत्तरसूचीचा उपयोग त्याच दिवशी गुण मोजण्यासाठी होतो, आणि बेरीज झाली की प्रश्नपत्रिका बाजूला पडते. तीच प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षेनंतरच्या आठवड्यात वर्गात बसणारे, कोणत्या प्रश्नाला बहुतेकांनी कोणता चुकीचा पर्याय निवडला आणि का निवडला हे मुलांकडूनच काढून घेणारे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही की निधी लागत नाही. लागतात ते दोन-तीन तास, आणि गुणांची बेरीज फळ्यावर न लिहिण्याचा निश्चय.